पडलेलं हेल्मेट परत घालायचं का?

आमच्याकडे कुणी गाडीवरून पडलं की आधी हातापायाचं बघतात, मग गाडी गॅरेजला जाते. हेल्मेट मात्र ओल्या फडक्यानं पुसून खुंटीला अडकवतात आणि दुसऱ्या दिवशी तेच परत डोक्यावर चढतं. गेल्या पावसाळ्यात मी पडलो तेव्हा बहुतेकांनी मलाही हाच सल्ला दिला. मी तो ऐकला नाही. का ऐकला नाही आणि ठरवायच्या आधी काय काय तपासलं, ते सविस्तर लिहितोय. आपल्याकडे रोज कुणी ना कुणी पडतंय आणि या गोष्टीवर कुणी नीट बोलत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, पास करायचा की रिजेक्ट, हे ठरवणं हेच माझं दिवसभराचं काम. त्यामुळे हेल्मेटकडेही मी त्याच नजरेनं बघायला लागलो.

मंगाईची यात्रा होऊन थोडे दिवस झाले होते. येळ्ळूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची लावण जोरात चालू होती. त्या दिवसांत चिखलणी करून ट्रॅक्टर शिवारातून डांबरी रस्त्यावर चढतात, आणि चाकांना लागलेला चिखल पुढं बराच लांबपर्यंत सांडत जातो. वरून रिमझिम पाऊस असला की रस्ता नुसता निसरडा होतो. बहिणीच्या घरून मी वडगावकडे येत होतो. वेग तीस-पस्तीसचा असेल. एका वळणावर पुढचं चाक चिखलावर गेलं आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. आधी खांदा टेकला, मग डोकं. उजव्या कानाच्या वर, जरा मागच्या अंगाला हेल्मेट डांबरावर आपटलं. तो आवाज आतून फार मोठा ऐकू येतो.

शिवारात लावणीला आलेल्या बायका आणि दोन गडी धावत आले, त्यांनी मला उठवून बांधावर बसवलं. शुद्ध गेली नव्हती, उलटी झाली नाही. तरी मी थेट डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, मान तपासली, काही प्रश्न विचारले आणि सांगितलं, आज रात्री एकटं झोपायचं नाही, चोवीस तास लक्ष ठेवायचं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, जास्तच झोप यायला लागली किंवा बोलण्यात गडबड झाली तर घड्याळाकडे न बघता मोठ्या दवाखान्यात जायचं. सुदैवानं तसं काही झालं नाही. खांदा आठवडाभर दुखला, तेवढंच.

चौथ्या दिवशी कामावर जायचं म्हणून हेल्मेट हातात घेतलं आणि तिथं प्रश्न पडला.

वरून बघाल तर फार काही झालं नव्हतं. उजव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत रंग खरवडला होता, काचेच्या स्क्रूपाशी बारीक ओरखडे होते. पोचा नाही, तडा नाही. बायको पहिल्यापासून म्हणत होती, "अहो, ते टाका आणि नवीन आणा." पण कारखान्यातल्यांचं मत वेगळं होतं. पॅटर्न शॉपमधले मामा, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्यांनी हेल्मेट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "काय झालंय गा हेला? चांगलं हाय की. रंग तेवढा गेलाय, टच-अप मार आणि घाल." मेकॅनिक म्हणाला, पडल्यावर डोकं वाचवलं म्हणजे हेल्मेट पास झालं, आता कशाला बदलायचं? हा मुद्दा मला बराच वेळ खटकत राहिला, कारण ऐकायला तो अगदी बरोबर वाटतो.

मी आधी हातानं करता येण्यासारखी तपासणी केली. गालाचे दोन्ही पॅड ओढून काढले, ते टिचक बटणांवर असतात. वरचं कापडी अस्तरही काढलं. आत पांढरा किंवा काळा थर दिसतो, तो ईपीएसचा, म्हणजे थर्माकोलचा. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त जास्त दाबून घट्ट केलेला. उजेडात धरून त्यावर तडे दिसतात का बघितलं. अंगठ्यानं सगळीकडे सारखा दाब देऊन कुठं मऊ लागतंय का ते चाचपलं. हेल्मेट दोन्ही हातांनी बाजूंनी दाबून करकर आवाज येतो का ऐकलं. पट्टा जिथं बाहेरच्या कवचाला रिव्हेटनं बसवलेला असतो ती जागा आणि बकल ओढून बघितलं. मार बसलेल्या जागी थर्माकोल जरा चकचकीत आणि गुळगुळीत वाटला. पण ते खरंच तसं होतं की मी तिथंच टक लावून बघत होतो म्हणून वाटलं, हे मला ठरवता येईना.

कास्टिंग असतं तर प्रश्नच नव्हता. आम्ही हातोडीनं हलकं ठोकून आवाज ऐकतो, तडा गेलेलं कास्टिंग खणखणत नाही, बद्द वाजतं. शंका असली तर डीपी टेस्ट करतो, म्हणजे लाल डाय मारायचा, पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा, की केसाएवढी भेगही लाल रेघ होऊन वर येते. हेल्मेटवर यातलं काहीच चालत नाही. ठोकून बघावं तर आतला फोमच आवाज गिळून टाकतो. डीपीचं सामान हेल्मेटला लावायच्या आधी मी पॅकिंगमधल्या थर्माकोलच्या तुकड्यावर क्लीनरचा एक फवारा मारून बघितला. डोळ्यांसमोर तुकड्यात खड्डा पडला आणि कडा चिकट होऊन आत ओढल्या गेल्या. पेट्रोल आणि थिनरनंही हेच होतं. आपल्यात बरेच जण हेल्मेटवरचे डाग पेट्रोलनं पुसतात, त्यांनी हा प्रयोग एकदा स्वतः करून बघावा. थोडक्यात, या थराची ताकद किती उरलीय हे मोजायचं तर त्याला परत आपटावं लागतं, आणि आपटलं की तो तिथंच संपतो. हेल्मेटची मानक चाचणीही अशीच असते: आत धातूचं डोकं घालून ठराविक उंचीवरून लोखंडी ऐरणीवर सोडतात, आणि ज्या हेल्मेटवर चाचणी झाली ते विकायला जात नाही.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट झाली. हेल्मेट कसं दिसतंय यावर निर्णय घेता येणार नाही. पडताना काय झालं, यावरच घ्यावा लागणार.

मग वेगाचा मुद्दा आला. "एवढ्या कमी वेगात काय होतंय?" असं जवळजवळ प्रत्येकानं विचारलं. पण गाडीचा वेग आडवा असतो आणि डोकं खाली पडतं ते उभं. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून सुटलेली कुठलीही वस्तू खाली पोचेपर्यंत ताशी 19-20 किलोमीटरचा वेग घेते. गाडी उभी असताना तोल जाऊन पडलात तरी डोक्याचा जमिनीवर येण्याचा वेग हाच. गाडी साठनं चालली असती तर फरफट वाढली असती, समोर खांब किंवा दगड आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, पण सरळ खाली बसणारा मार जवळपास तेवढाच असता.

आणि हिशेब सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, म्हणजे डोक्यावर सरासरी किती जी आला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट झटका बसला, ते कळतं. दीड मीटर उंची, आणि थर्माकोल चेंगरून डोक्याला थांबायला 20 मिलिमीटर मिळाले, तर सरासरी 75 जी. तेच अंतर 5 मिलिमीटर झालं तर 300 जी. युरोपच्या ईसीई 22 या हेल्मेटच्या मानकात चाचणीच्या वेळी कुठल्याही क्षणी 275 जीच्या वर जायचं नाही अशी मर्यादा आहे. म्हणजे जगणं-मरणं त्या पंधरा-वीस मिलिमीटर चेंगरण्यावर आहे. वरचं प्लॅस्टिकचं कवच मार पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही, पण मार शोषून घेणारा तो थर्माकोलच. तो शोषतो कसा, तर आतल्या हवेच्या बारीक पेशी फुटून. फुटलेल्या पेशी परत फुगत नाहीत. कवच मात्र लवचिक असतं, दबतं आणि परत जागेवर येतं. म्हणून बाहेरून पोचा दिसत नाही, आणि आतला थर मात्र कमी झालेला असतो.

मेकॅनिकच्या मुद्द्याचं उत्तर यात मिळालं. हेल्मेट पास झालं हे खरं, पण पास होताना त्यानं स्वतःकडचं जे काही होतं ते त्या जागी खर्च केलं.

हेल्मेटच्या आत अस्तराखाली एक लेबल होतं, इंग्रजी आणि हिंदीत. जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून नुकसान दिसत नसलं तरी बदलावं, असं त्यावर छापलेलं होतं. एवढी वर्षं ते डोक्यावर होतं, पण अस्तर काढल्याशिवाय दिसत नव्हतं. कंपनीला फोन केला, त्यांनीही बदलायलाच सांगितलं. आता विकणाराच 'नवीन घ्या' म्हणतो तेव्हा आपल्या मनात शंका येते आणि ती यावीच. म्हणून मी विकत नसलेल्यांचं म्हणणं शोधलं. अमेरिकेत स्नेल फाउंडेशन नावाची संस्था आहे. पीट स्नेल नावाचा रेसर 1956 साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेला, त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट त्याला वाचवू शकलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावानं ही संस्था सुरू झाली. ते हेल्मेट बनवत नाहीत, तपासतात. अपघातात डोकं आत असताना मार बसला असेल तर हेल्मेट बदला, हे ते स्पष्ट सांगतात. शिवाय अपघात झाला नसला तरी साधारण पाच वर्षांनी बदला असंही सांगतात, कारण घाम, केसांचं तेल, साफ करायची द्रव्यं आणि रोजची झीज यांनी आतले गोंद आणि थर हळूहळू खराब होतात. माझं हेल्मेट बनवल्याची तारीख मागच्या स्टिकरवर होती आणि पाच वर्षं भरत आलीच होती. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर मी ठरवून टाकलं.

मामांचा एक शेवटचा मुद्दा होता, तोही सांगतो, कारण तो विचार करण्यासारखा आहे. "परत पडलास तरी त्याच जाग्यावर कशाला लागेल गा?" बरोबर आहे, नेमकी तीच जागा परत लागेल असं नाही. पण मी रोज त्याच रस्त्यांनी जातो, त्याच हातानं ब्रेक दाबतो, आणि बाजूला पडणारा माणूस बहुतेक वेळा कानाच्या वरच्या भागावरच आपटतो. शिवाय थर्माकोलला तडा गेला असेल तर तो फक्त मार बसलेल्या जागेपुरता राहतो असं कशावरून? जे मोजताच येत नाही ते आम्ही कारखान्यात रिजेक्टमध्ये टाकतो. मग पंपाच्या बॉडीला जो नियम लावतो तो डोक्याला का लावू नये, एवढंच मी त्यांना विचारलं.

नवीन घ्यायला शहरात गेलो. हेल्मेट बनवणारी वेगा कंपनी आपल्या बेळगावचीच, त्यामुळे इथं दुकानांत निवडीला तोटा नाही. दुकानदार कानडी होते. मी पडलो होतो हे ऐकल्यावर त्यांनी माल दाखवायच्या आधी जुनं हेल्मेट मागून घेतलं, आत अंगठा फिरवला आणि म्हणाले, "होसादु तगोरी." नवीनच घ्या. मग टेप काढून भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर मोजला. इतकी वर्षं मी एक माप मोठं वापरत होतो हे तिथं कळलं. नवीन हेल्मेट घालताना गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळ आणि हेल्मेटमध्ये बोट सहज जाता कामा नये. पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढं उचलून बघायचं. ते डोक्यावरून निघून आलं तर कितीही महाग असलं तरी उपयोगाचं नाही, कारण पडताना ते डोक्याच्या आधी रस्त्यावर जाईल.

1 जून 2021 पासून देशात दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवायला आणि विकायला मनाई आहे. चिन्हाच्या वर आयएस 4151 हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलनं सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो नंबर हे चिन्ह देणाऱ्या बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की कुठल्या कंपनीचा, चालू आहे की बंद, ते लगेच दिसतं. मी दुकानातच टाकून बघितला. दुकानदारांना राग आला नाही, उलट त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या पोराला दाखवायला सांगितलं. रस्त्याकडेला दोरीवर टांगलेल्या कित्येक टोप्यांवर नुसतं स्टिकर असतं आणि आत बोटभरसुद्धा थर्माकोल नसतो. चन्नम्मा सर्कलला पोलीस दिसले की डोक्यावर चढवायला त्या चालतात, रस्त्यावर आपटायला नाहीत.

जुन्याचं काय करायचं हे राहिलं. आमच्या गेटवरच्या माणसानं मागितलं, "द्या की वो सायेब, पोराला मागं बसायला हुतंय." कर्नाटकात 2016 पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, त्यामुळे त्याची गरज खरी होती. मला नाही म्हणताना वाईट वाटलं. पण माझ्या डोक्याला जे चालत नाही ते त्याच्या पोराच्या डोक्याला कसं चालेल? मी पट्टा कात्रीनं कापला, आणि दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबू नका म्हणून आम्ही चौघांनी मिळून त्याला एक साधं, आयएसआयचं, पोराच्या मापाचं घेऊन दिलं.

मग जुनं बँडसॉवर, म्हणजे कारखान्यातल्या पट्टीच्या करवतीवर, धरलं. खरं सांगायचं तर मला आत बघायचंच होतं. काच आणि पट्टा काढून, मार बसलेल्या जागेच्या मधोमध उभा काप घेतला आणि तसाच डाव्या बाजूला घेतला. मामा शेजारी उभे होते. डाव्या बाजूला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, थर्माकोल 27 मिलिमीटर. उजवीकडे त्याच उंचीला, सगळ्यात दबलेल्या जागी 22. कापाच्या कडेवर बघितलं तर डावीकडचे दाणे गोल आणि सुटे दिसत होते, उजवीकडे कवचालगतचे दाणे चपटे होऊन एकमेकांत बसले होते. तिथून हवेसाठी ठेवलेल्या खाचेपर्यंत केसाएवढा तडा गेला होता, तो आतून अंगठ्याला लागला नव्हता. कवच उलटं करून बघितलं तर आतल्या बाजूला रुपयाएवढा पांढरट डाग. एबीएस प्लॅस्टिकवर ताण पडला की ते असं पांढरं पडतं. बाहेरून रंग असल्यानं ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

मामांनी तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवला. म्हणाले, "पाच मिलिमीटर गेलंय." मी म्हटलं, गेलेल्या पाचापेक्षा मला उरलेल्या बावीसची काळजी आहे. पूर्ण जाडी कधीच दबत नाही. एका मर्यादेनंतर फोम घट्ट होतो आणि मार सरळ आत जातो. जो थर आधीच दबलाय तो त्या मर्यादेला लवकर पोचतो. दुसऱ्या वेळी तो किती चालला असता हे मला आजही सांगता येणार नाही, आणि मी ते हेल्मेट बदललं ते याच कारणासाठी.

ते दोन तुकडे आता क्वालिटीच्या टेबलावर असतात. नवीन पोरं आली की हातात घेऊन बघतात, आणि मग आपापल्या हेल्मेटबद्दल विचारतात. सगळ्यांना मी बदला म्हणत नाही. परवा धाकटा भाऊ घाबरून आला, त्याचं हेल्मेट उभ्या स्कूटरच्या सीटवरून फरशीवर पडलं होतं. त्यात डोकं नव्हतं. थर्माकोल चेंगरतो तो डोकं आणि रस्ता यांच्यात सापडल्यावर. रिकामं हेल्मेट पडलं तर त्याचं स्वतःचं वजन तेवढंच असतं. असं वारंवार पडणं चांगलं नाही, आरशाच्या टोकावर अडकवून ठेवणंही नाही, कारण तिथं आतल्या थरात खळगा पडतो. पण एकदा सीटवरून घरंगळलं म्हणून पैसे घालवायची गरज नाही. आम्ही पॅड काढले, तडे बघितले, पट्टा आणि बकल ओढून बघितलं, बनवल्याची तारीख वाचली. दोनच वर्षं झाली होती. तेच वापर म्हणून सांगितलं.